एकाच खुंटीवरच्या तीन रायफली

माझ्या बापाला त्याची रायफल परत हवी होती. हे त्यानं मला सांगितलं कधी, तर ज्याच्याकडं ती होती तो माणूस पुरून झाल्यावर.

तो माणूस म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ, होबर्टकाका. ओढ्याच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर राहायचा. मी शाळेत नुकती जायला लागले होते तेव्हा त्यानं डुकरं मारायला म्हणून रायफल नेली आणि आणून दिली नाही. डॅडींनी मागितली नाही. का, तर ज्याची वस्तू त्यानं का मागावी. काकानं दिली नाही. का, तर ज्याला हवी असेल तो येईल की मागायला. एवढ्या भांडवलावर दोघं भाऊ उभं आयुष्य चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसले. दोघांच्या बायका मात्र मधल्या बाकावर शेजारी बसून लोणच्याच्या बरण्यांची देवाणघेवाण करायच्या. पुरुषांच्या अभिमानाला खालून बायकांचा टेकू असतो, म्हणून तो इतका ताठ दिसतो.

रायफल तरी काय, सोन्याची? हॅडली ब्रदर्सच्या कॅटलॉगमधली सगळ्यात स्वस्त, पॉइंट बावीसची. त्या कंपनीनं स्वतः कधी बंदूक बनवली नाही. कुठल्यातरी कारखान्याकडून हजारांनी करून घ्यायची, नळीवर आपलं नाव ठोकायचं आणि डोंगरातल्या लोकांना टपालानं पाठवायची. एका वेळी एक काडतूस. दस्ता अक्रोडाचा वाटावा म्हणून बर्चच्या पांढऱ्या लाकडाला तपकिरी रंग फासलेला. आमच्या खोऱ्यात दर दुसऱ्या घरात दाराच्या वर हीच रायफल लटकलेली असायची, खारी मारायला.

होबर्टकाका जुलैत गेला. त्याच महिन्यात डॉक्टरनं डॅडींच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षीच्या बेत-बितांच्या गोष्टी करू नका. मी घरी येऊन बटाटे सोलत होते तर डॅडी म्हणाले, "लुर्लीन, ऑगस्टात खारींच्या शिकारीचा मोसम उघडतो त्या दिवशी मला वरच्या हिकरीच्या झाडाखाली बसायचंय."

"बसू की."

"माझ्या रायफलीनं."

"तुमची रायफल होबर्टकाकाकडं आहे."

"म्हणूनच सांगतोय. आता तो मेलाय. आता मागायला हरकत नाही."

मी सुरी खाली ठेवली. "कशी दिसते ती?"

"रायफलीसारखी."

"डॅडी."

"लाकडी दस्ता. लोखंडी नळी. मागून बोल्ट. आणखी काय सांगू, डोळ्यांचा रंग?"

मी ओपलकाकूकडं गेले. ती सामान बांधत होती, लेकीकडं लेक्सिंग्टनला कायमची निघालेली. काकाची मुलं आधीच एकमेकांचं तोंड बघत नव्हती, म्हणून तिनं ठरवलं होतं की चमच्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं आवारात मांडायचं आणि लिलाव करायचा. कुणाला फुकट काही नाही.

"काकू, डॅडींची रायफल तेवढी द्या मला."

"कुठली?" तिनं भिंतीकडं बोट केलं. एका खुंटीवर तीन रायफली. तिन्ही हॅडली ब्रदर्स. तिन्ही सारख्या, जशा एका कोंबडीची अंडी.

"एक ह्यांची, एक माझ्या वडलांची आणि एक एस्टिलभावजींची, तुझ्या डॅडींची," ती म्हणाली. "कुठली कुणाची ते मी कधी विचारलं नाही, ह्यांनी कधी सांगितलं नाही. त्या रायफलीचं नाव काढलं की जेवण सोडून उठायचे."

"मग तिन्ही द्या, मी दाखवून दोन परत आणते."

"आणि उद्या माझी सहाही पोरं दारात उभी राहतील, लुर्लीनला दिलं तर आम्हाला का नाही म्हणून. नको गं बाई. लिलावात घे. तुझ्याविरुद्ध कोण बोली लावतंय?"

हे मात्र खरं होतं. आमच्याकडं मयताच्या लिलावात घरचं माणूस एखाद्या वस्तूपुढं उभं राहिलं की बाकीचे सगळे हात खिशात घालतात. कुणी सांगत नाही, कुणी बोलत नाही. पण हे एकाच वस्तूला. दुसऱ्या वस्तूला हात बाहेर येतात, आणि जास्तच जोरात येतात, कारण मग तुम्ही दुःखी नसता, हावरे असता. तेव्हा तीनपैकी एक. तीही आधी ओळखून.

"तुम्हीच चला ना," मी डॅडींना म्हटलं. "बघा आणि बोट दाखवा. संपलं."

"मी त्याच्या आवारात पाय ठेवणार नाही."

"तो आवारात नाहीये, डॅडी. तो टेकडीवर आहे, आजोबांच्या शेजारी."

"आवार त्याचंच आहे ना?"

अशा माणसाशी काय बोलायचं. मी ओहायोत डेटनला भावाला फोन लावला. वेंडेल कारखान्यात लागला तेव्हापासून तिकडंच आहे आणि तिकडं गेल्यापासून त्याला इथलं सगळं जास्त कळतं.

"नळीवरचा नंबर बघ," तो म्हणाला.

"नंबर नाहीये. तेव्हाच्या स्वस्त रायफलींवर घालायचेच नाहीत. मॉडेलचा आकडा आहे, तो तिन्हींवर एकच."

"तुला बापाची रायफल ओळखता येत नाही?"

"मला कोण घेऊन गेलं होतं रानात, वेंडेल? तुला नेलं. मी घरी बसून तुम्ही आणलेल्या खारी सोलत होते."

मग म्हणाला, "नळीच्या टोकावरची माशी बघ, नेम धरायची. मूळची पडली होती. टॉलिव्हर लोहारानं चांदीचं नाणं कापून अर्धा तुकडा डाख लावून बसवला. अख्ख्या जगात तशी एकच रायफल असेल."

आता हे ऐकायला किती छान होतं. लिलावाच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. गवताच्या गाडीवर गोधड्या, फळांच्या रिकाम्या बरण्या, सॉसेजचं यंत्र आणि त्या तीन रायफली ठेवलेल्या. मी पहिलीची माशी बघितली. अर्धं नाणं. हायसं वाटलं. दुसरीची बघितली. अर्धं नाणं. तिसरी बघायची गरजच नव्हती, तरी बघितली.

अख्ख्या जगात एकच म्हणे. हॅडली ब्रदर्सनं माशी बसवलीच होती थुंकीनं. पहिल्या थंडीत ती पडायची, आणि खोऱ्यात लोहार एकच होता. म्हणजे ज्याची ज्याची पडली त्या प्रत्येकानं टॉलिव्हरकडून नाणं बसवून घेतलं, आणि घरी येऊन पोरांना सांगितलं की असली दुसरी नाही. आमच्या खोऱ्यातल्या पुरुषांच्या निम्म्या आठवणी अशाच आहेत. सगळ्यांकडं तीच, आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच.

मी तिन्ही उलटसुलट केल्या. एकीच्या दस्त्यावर, गाल टेकतो तिथं, डाव्या बाजूचा रंग पार उडून खालचं पांढरं लाकूड दिसत होतं. म्हणजे हीच सगळ्यात जास्त वापरलेली. डॅडी खारींच्या मागं किती हिंडायचे ते आईनं ऐकवलेलं होतं. दुसरीवर दोन्हीकडं थोडाथोडा रंग गेलेला, मला वाटलं ओलीनं फुगून उडाला असेल. तिसरी जवळजवळ कोरी. मी पहिली धरली आणि तिच्यापुढं उभी राहिले.

लिलाववाले कर्नल डेंझिल आले. लिलाव पुकारणाऱ्याला आमच्याकडं कर्नल म्हणतात, सैन्याचा काही संबंध नाही. ह्यांना तर बदकांच्या आवाजाची पण भीती वाटते. त्यांनी रायफल वर धरली, माझ्याकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "एस्टिलची लुर्लीन उभी आहे, मंडळी." भर ऑगस्टात, घामानं शर्ट पाठीला चिकटलेले, आणि सगळे पुरुष थंडी वाजल्यासारखे खिशात हात घालून जमिनीकडं बघायला लागले. मी एकदाच बोली लावली. ती माझी झाली.

उरलेल्या दोन अर्लिस बेगलीनं घेतल्या. अर्लिस जुन्या बंदुकांचे दिवे करतो. नळीतून वायर ओवायची, वर घंटेसारखी टोपी, खाली दस्ता घासूनपुसून चकाकता, आणि रस्त्यावर मांडून शहरातल्या लोकांना विकायचे. गोळी झाडण्यासारख्या बंदुकीचा दिवा करावा हे ज्या डोक्यात येतं त्या डोक्याबद्दल मी चर्चमध्ये बोलू शकत नाही.

घरी डॅडी स्वयंपाकघरात शेंगा मोडत बसले होते. मी रायफल त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी हात पुसले, बोल्ट उघडून नळी रिकामी आहे ते बघितलं, रायफल उचलली, डाव्या खांद्याला लावली, मान वाकवली. मग शेंगांच्या टरफलात ती ठेवून दिली.

"ही त्याची."

"कशावरून?"

"गाल बसत नाही."

"नाणं आहे बघा माशीवर."

"नाणं सगळ्यांच्यावर असतं," ते म्हणाले, जणू हे मला पाळण्यातच सांगितलं होतं.

मी ओरडणार होते. तोंड उघडलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढून ती डाव्या खांद्याला लावलेली रायफल जाईना. "डॅडी, तुम्ही जेवता उजव्यानं. लिहिता उजव्यानं."

"मग?"

"रायफल डाव्या खांद्याला कशी?"

"उजवा डोळा कुठाय मला?" त्यांनी पापणीवर बोट ठेवलं. कुंपणाला खिळे ठोकताना ठिणगी उडून तो डोळा मी जन्मायच्या आधी गेला, हे मला माहीत होतं. त्या डोळ्यात औषध घालायचं काम माझंच होतं, लहानपणापासून. "उजव्या डोळ्यानं दिसत नसलं तर नेम डाव्यानं धरायचा. नेम डाव्यानं तर खांदा डावा. ह्यात काय कोडं आहे?"

कोडं काहीच नव्हतं. ह्या माणसाला मी आयुष्यभर जेवू घातलं, त्याचे मोजे रफू केले, त्याची नखं कापते, आणि तो बंदूक कुठल्या खांद्याला लावतो ते मला माहीत नाही, कारण रानात पोरींचं काम नसतं. वेंडेलला माहीत होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं वाटलं नाही. त्याला नाणं सांगण्यासारखं वाटलं.

मी टरफलातली रायफल उचलली. रंग उडालेला डावीकडं. उजव्या खांद्यावर रायफल ठेवणाऱ्याचा उजवा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला लागतो. माझ्या बापाचा डावा गाल लागणार उजव्या अंगाला. आणि त्या गाडीवर एक रायफल अशी होती की दोन्ही अंगांनी रंग गेलेला. ओल कसली आलीय. आधी एकाचा गाल, मग चाळीस वर्षं दुसऱ्याचा.

"कुठं निघालीस?" डॅडी म्हणाले. "जेवणाची वेळ झाली."

"शेंगा खा कच्च्या," मी म्हटलं आणि गाडी काढली.

अर्लिसच्या छपरीत घासपेपरचा आवाज चालू होता. मी दारातूनच ओरडले, "थांब."

तो थांबला. लाकूड पकडायच्या शेगड्यात एक दस्ता आवळलेला होता, डावी बाजू घासून पांढरीफेक. मी वाकून उजवी बाजू बघितली. रंग शाबूत, लहान मुलाच्या नव्या बुटासारखा. ही ती नव्हती. दुसरी मागं भिंतीला टेकून उभी होती, अजून हात न लागलेली. मी ती उचलली आणि दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला.

"अर्लिस, ही मला दे. माझी तू घे. हॅडलीला हॅडली, मॉडेलला मॉडेल."

कुठल्याही शहाण्या माणसानं घेऊन टाकली असती. अर्लिस हातातला घासपेपर खिशात ठेवून माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मला त्याच्या परसात खनिज तेल सापडलंय. "का?"

"का म्हणजे? बदली."

"सारखीच्या बदल्यात सारखी कुणी मागत नाही. हिच्यात काहीतरी आहे." आणि त्यानं फळीवरून पुस्तक काढलं. जुन्या बंदुकांचं, विटेएवढं, तेलकट बोटांचे ठसे पानोपानी. "दुकानांच्या नावानं विकलेल्या सगळ्या ह्यात आहेत. मूळ कारखाना कुठला, कधी बनली, सगळं. बस जरा."

मी बसले नाही. तो नळीवरचा शिक्का भिंगातून वाचत होता, पानं उलटत होता, बोल्टच्या मुठीचा आकार चित्राशी ताडून बघत होता. "मूठ वाकडी आहे. वाकडी म्हणजे युद्धाच्या आधीची. आधीची दुर्मीळ."

"बाकीच्या दोघींची मूठ बघ."

त्यानं बघितली. तिन्ही वाकड्या. तो पुढं सरकला. "चाप पत्र्याचा आहे. ओतीव नाही. हे नोंदवलेलं असणार."

"स्वस्तातलं आहे म्हणून पत्र्याचा आहे, अर्लिस. ह्या बंदुकीत पत्रा नाही ते लाकूड आहे आणि लाकूड नाही तो रंग आहे."

"पेटंटचे आकडे..."

"सगळ्यांवर तेच."

शेवटी पान सापडलं. त्यानं ओठ हलवत वाचलं आणि पुस्तक मिटलं. पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "खूप बनल्या. खूप म्हणजे फारच. संग्रहाच्या दृष्टीनं अर्थ नाही, असं लिहिलंय." मग पुन्हा संशय. "मग तुला का पाहिजे? आणि तुझी संधी होऊन गेली, लुर्लीन. आम्ही सगळ्यांनी खिशात हात घातले होते. मीसुद्धा. तू चुकीची उचललीस तर तो लिलावाचा दोष नाही."

हे तो बरोबर बोलत होता, आणि बरोबर बोलणाऱ्या अर्लिस बेगलीइतकं चीड आणणारं दुसरं काही नसतं. मी रायफल त्याच्या हातात दिली.

"खांद्याला लाव."

त्यानं उजव्या खांद्याला लावली. गाल बरोबर पांढऱ्या जागेवर गेला.

"तो होबर्टकाका. आता डाव्या."

त्यानं बदलली. अवघडत, मान वाकडी करत. गाल दुसऱ्या पांढऱ्या जागेवर टेकला. तो तसाच थांबला, एक डोळा मिटून, भिंतीवरच्या दिव्यांच्या टोप्यांवर नेम धरून.

"एस्टिल डाव्यानं मारायचा," तो हळू म्हणाला. "माझे वडील सांगायचे. डोळ्यामुळं."

"तुझ्या वडलांनी तुला सांगितलं. माझ्या वडलांनी मला आज सांगितलं."

त्यानं रायफल खाली घेतली, दोन्ही बाजू पुन्हा एकदा बघितल्या, आणि कामाच्या मेजावर माझ्या बाजूला ठेवली. मग दोन पावलं मागं सरला, ओव्हरऑलच्या दोन्ही खिशांत हात घातले आणि जमिनीकडं बघायला लागला.

मी माझी तिथं ठेवली, ही उचलली आणि निघाले. आभार मानले नाहीत. अशा वेळी मानत नाहीत.

डॅडींनी ती डाव्या खांद्याला लावली. गाल बसला. रात्री बोल्टला तेल घालत बसले, एवढंच.

मोसम उघडला त्या शनिवारी पहाटे वरच्या हिकरीपर्यंत चढायला त्यांना फार वेळ लागला. पाच पावलं की थांब, पाच पावलं की थांब. मी खुर्ची, कॉफी आणि रायफल घेऊन मागं. ते खुर्ची सोडून खाली बसले, पाठ खोडाला लावली, आणि उजाडेपर्यंत श्वास गोळा करत राहिले. वरून हिकरीची टरफलं पडायला लागली. खारी कामाला लागल्या होत्या.

रायफल त्यांच्या मांडीवर होती. त्यांचा हात दस्त्यावर होता, पण डाव्या अंगावर, होबर्टकाकाच्या जागेवर. "माझ्यापेक्षा त्यानंच जास्त वापरली," ते म्हणाले.

"एकदा तुम्ही गेला असतात वर आणि मागितली असतीत."

"मी का मागू?"

"आणि आता मला पाठवलंत ते?"

"तू मागितली. मी नाही."

मी कॉफीच्या थर्मासचं झाकण इतक्या जोरात आवळलं की ते आडवं बसलं. एक खार खोडावरून उतरली आणि फांदीच्या बेचक्यात बसून हिकरीचं फळ कुरतडायला लागली, अगदी समोर. डॅडींनी रायफल उचलली. नळी हलत होती. त्यांनी पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. हलतच होती. मग त्यांनी ती माझ्याकडं सरकवली.

"मी?" मी कुजबुजले.

"तिथं आणखी कोण बसलंय?"

मी उजव्या खांद्याला लावली, कारण माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत. गाल काकाच्या जागेवर गेला. लाकूड गार आणि गुळगुळीत होतं. माशीचं नाणं खारीच्या डोक्यावर आणलं.

"तशी नको," बाप कानाशी म्हणाला. "डावीकडं मारते ती. पहिल्यापासून. उजव्या कानावर धर."

मी नेम न सोडता म्हटलं, "हे आधी सांगितलं असतं तर काकूच्या कुंपणाला एक डबा टांगून तीन काडतुसांत ओळखली असती."

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. "आणि बोलू नको, खार पळेल. म्हणून नेत नव्हतो तुला."

खार पळाली नव्हती. मी उजव्या कानावर धरली.